वेटिंग लिस्टमधला चौथा क्रमांक आणि फेलोशिपचा हिशेब

पीएचडीच्या मुलाखती संपल्या की जून-जुलैच्या सुमारास एक अवघड काळ सुरू होतो. एका ठिकाणी प्रवेश मिळालेला असतो, पण तिथे फेलोशिपचं काहीच नक्की नसतं. जिथे खरोखर जायचंय तिथे नाव वेटिंगला असतं. पहिल्या ठिकाणी फी भरायची शेवटची तारीख जवळ येत असते आणि दुसरीकडून मेल येत नसतो. घरचे रोज विचारतात, "मग, ठरलं का?" आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

अशा वेळी बहुतेक जण सीनियर्सना फोन करतात. एक म्हणतो, "जे हातात आहे ते घे." दुसरा म्हणतो, "थांब, वेटिंग क्लिअर होतंच." दोघेही आपापल्या अनुभवावरून बोलत असतात, आणि दोघांचंही तुमच्या बाबतीत खरं ठरेल असं नाही. म्हणून या लेखात वेटिंग लिस्ट मुळात का असते, ती कशी हलते आणि तिच्यात पैशाचा विचार कुठे बसवायचा हे समजून घेऊ. यावर गणितात आणि अर्थशास्त्रात चांगलं संशोधन झालेलं आहे आणि ते आपल्याला थेट उपयोगी पडतं.

लेखाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते. पसंतीची यादी नुसत्या संस्थांची करू नका. "संस्था आणि पैसा" अशा जोड्यांची करा. ही एक यादी नीट केलीत तर थांबायचं की नाही, किती दिवस थांबायचं आणि कशाला नाही म्हणायचं, यातलं बरंचसं तिथेच ठरून जातं.

१९६२ चा सात पानी पेपर

जानेवारी १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली या दोन गणितज्ञांनी "अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली" या नियतकालिकात एक पेपर लिहिला. विषय होता कॉलेज प्रवेश आणि विवाहाची स्थिरता. पेपर जेमतेम सात पानांचा आहे आणि त्यात मोठी समीकरणं नाहीत. बीएस्सीचा विद्यार्थीही तो एका बैठकीत वाचू शकतो. जमलं तर जरूर वाचा, कारण पेपरची सुरुवात बरोबर आपल्या प्रश्नापासून होते.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. कॉलेजकडे ठरावीक जागा आहेत आणि अर्ज भरपूर आहेत. पण एखाद्या विद्यार्थ्याने आणखी कुठे अर्ज केलाय, तिथे त्याला घेतील का आणि त्याची खरी पसंती कोणती, हे कॉलेजला माहीत नसतं. जेवढ्या जागा तेवढ्यांनाच बोलावलं तर काही जण येणार नाहीत आणि जागा रिकाम्या राहतील. जास्त जणांना बोलावलं आणि सगळेच आले तर पंचाईत. म्हणून वेटिंग लिस्ट. पण तिच्यामुळे कॉलेजची अडचण विद्यार्थ्याच्या डोक्यावर येते. एका ठिकाणी मिळालंय आणि जास्त आवडत्या ठिकाणी वेटिंगला आहे, तर सुरक्षित खेळावं की धोका पत्करावा? पहिल्या ठिकाणी हो म्हणून नंतर दुसरीकडे जाणं योग्य आहे का? हे प्रश्न त्या पेपरमध्येच विचारलेले आहेत.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. वेटिंग लिस्ट तयार होते ती संस्थेला तुमचं मन माहीत नसतं म्हणून. तुम्ही "थोडे कमी पडलात" हा तिचा अर्थ काढून रात्र रात्र जागण्यात काही हशील नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी तुम्हाला नकोच ठरवलं असतं तर थेट नकार आला असता.

त्यांनी काढलेला तोडगा

गेल आणि शेप्ली यांनी सुचवलेल्या पद्धतीला डिफर्ड ऍक्सेप्टन्स म्हणतात, म्हणजे स्वीकार पुढे ढकलणं. एक छोटं उदाहरण घेऊ.

सई, निखिल आणि तन्वी असे तीन विद्यार्थी आहेत. "क" आणि "ख" अशा दोन संस्था आहेत आणि दोन्हीकडे एकेकच जागा आहे. सई आणि निखिल यांची पहिली पसंती क आहे, दुसरी ख. तन्वीची पहिली पसंती ख, दुसरी क. संस्था क च्या गुणवत्ता यादीत क्रम आहे निखिल, तन्वी, सई. संस्था ख च्या यादीत सई, तन्वी, निखिल.

पहिल्या फेरीत प्रत्येक जण आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो. क कडे सई आणि निखिल येतात. क निखिलला तात्पुरतं ठेवते आणि सईला परत पाठवते. ख कडे फक्त तन्वी येते, तिला ख तात्पुरतं ठेवते. दुसऱ्या फेरीत सई ख कडे जाते. ख च्या यादीत सई तन्वीच्या वर आहे, म्हणून ख सईला ठेवते आणि तन्वीला सोडते. तिसऱ्या फेरीत तन्वी क कडे जाते, पण तिथे निखिल तिच्या वर आहे. तन्वीची यादी संपते आणि प्रक्रिया थांबते. निखिल क मध्ये, सई ख मध्ये, तन्वीला यावेळी जागा नाही.

या पद्धतीत शेवटच्या क्षणापर्यंत कुणाचाच प्रवेश पक्का नसतो, म्हणजे सगळेच वेटिंगला असतात. पण वेटिंगला असताना कुणाला काही गमवावं लागत नाही. ख कडे अर्ज करायला उशीर झाला म्हणून सईचा तोटा झाला नाही. आणि शेवटी जे वाटप होतं ते स्थिर असतं: आत्ता मिळालंय ते सोडून एकमेकांना निवडावं असं वाटेल, अशी विद्यार्थी आणि संस्था यांची एकही जोडी उरत नाही.

ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रेसिडेन्सीच्या जागा देणारी पद्धत १९५२ पासून साधारण याच तत्त्वावर चालत होती, हे पुढे ऍल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं. रॉथ आणि शेप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल २००८ मध्ये वारले होते. आपल्याकडे आयआयटी, एनआयटी वगैरेंच्या बीटेक जागा २०१५ पासून जोसामार्फत एकत्र भरल्या जातात, त्यामागेही हीच कल्पना आहे. गेटच्या गुणांवर आयआयटीत एमटेकला जाणाऱ्यांनी सीओएपी पोर्टलवर "रिटेन अँड वेट" हा पर्याय पाहिला असेल. हातातली जागा धरून ठेवा आणि वरच्या पसंतीची वाटही बघा, असा त्याचा अर्थ.

मग पीएचडीला असं का नसतं?

कारण पीएचडीला सगळ्यांची मिळून एक फेरी नसते. टीआयएफआर, आयआयएससी, वेगवेगळे आयसर, प्रत्येक आयआयटी, विद्यापीठांचे विभाग, सगळे आपापल्या तारखांना मुलाखती घेतात आणि आपापल्या तारखांना उत्तर मागतात. पीएचडीला गाईड, विषय, प्रयोगशाळेतली जागा, चालू प्रकल्प हे सगळं जुळावं लागतं, त्यामुळे गुणांच्या एकाच यादीवर वाटप करणंही सोपं नाही. परिणाम असा की सगळी फिरवाफिरवी संगणकाने एका रात्रीत करण्याऐवजी ती तुमच्या-माझ्या मेलबॉक्समधून दोन महिने चालते.

आता संस्थेच्या खुर्चीत बसून बघू. समजा संस्था "अ" कडे फेलोशिपसह १० जागा आहेत आणि बोलावलेल्यांपैकी निम्मे येतात असा तिचा अंदाज आहे. २० जणांना बोलावलं तर सरासरी १० येतील. पण सरासरी म्हणजे खात्री नव्हे. साधं द्विपद वितरण वापरून हिशेब केला तर १० पेक्षा जास्त जण येण्याची शक्यता ४१ टक्के निघते. जास्तीच्या एका विद्यार्थ्याचा खर्च किती? २०२३ पासूनच्या दराने दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षं महिना ४२,००० रुपये धरले तर पाच वर्षांचे २४ लाख रुपये, घरभाडं भत्ता वेगळा. त्यामुळे संस्था हात आखडता घेते. समजा ती १४ जणांनाच बोलावते. आता जागा कमी पडण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांवर येते, पण सरासरी ३ जागा रिकाम्या राहतात. त्या भरण्यासाठी वेटिंग लिस्ट.

तुम्ही या यादीत चौथे आहात. वेटिंगवाल्यांपैकीही निम्मेच येतील असं धरलं तर तुमच्यापर्यंत ऑफर पोचण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के आहे. चांगली आहे.

आता संस्था "ब" घ्या. तिथेही १० जागा, पण तिचं नाव मोठं, बोलावलेल्या चारांतले तीन येतातच. ती ११ जणांना बोलावते. अकराच्या अकरा आले तरच तिची अडचण होणार, त्याची शक्यता ४ टक्के. इथेही तुम्ही वेटिंगला चौथे आहात. इथे तुमच्यापर्यंत ऑफर येण्याची शक्यता फक्त २६ टक्के निघते.

दोन्हीकडे क्रमांक चौथाच आहे, पण शक्यता ६९ आणि २६. म्हणून "माझा नंबर चार आहे, होईल का?" या प्रश्नाला नुसत्या क्रमांकावरून उत्तर देता येत नाही. बोलावलेल्यांपैकी किती जण येतात आणि गेल्या दोन-तीन वर्षांत यादी कितव्या क्रमांकापर्यंत गेली, हे कळायला हवं. (हे आकडे पडताळून बघायचे असतील तर पायथॉनमध्ये दहा ओळींत होतं. संभाव्यतेचा सराव म्हणून करून बघा.)

यात आणखी दोन बारकावे आहेत. पहिला, माझ्या हिशेबात प्रत्येक जण स्वतंत्रपणे निर्णय घेतो असं धरलंय. प्रत्यक्षात तसं नसतं. एकाच विषयातले वरचे दहा-पंधरा जण सगळीकडे तेच असतात. त्यातल्या एकाने एक जागा घेतली की त्याच्या बाकीच्या तीन जागा सुटतात, त्या जागांवर गेलेल्यांच्या आणखी सुटतात. त्यामुळे यादी रोज थोडी थोडी हलत नाही. बरेच दिवस काहीच होत नाही आणि मग एखाद्या मोठ्या संस्थेची फी भरायची तारीख गेली की चार दिवसांत धडाधड हलते. तुमच्या विषयातल्या इतर संस्थांच्या तारखा कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, म्हणजे कधी लक्ष ठेवायचं ते कळेल. बाकीचे दिवस मेल रिफ्रेश करण्यात घालवू नका.

दुसरा बारकावा जास्त महत्त्वाचा. वेटिंग लिस्ट बहुधा एक नसते. सामाजिक प्रवर्गानुसार याद्या वेगळ्या असतात. काही ठिकाणी उपविषयानुसार वेगळ्या असतात. आणि कित्येक ठिकाणी पैसा कुठून येणार त्यानुसारही गट वेगळे असतात. उदाहरणार्थ, आयआयटी मुंबईत संस्थेच्या पैशावरची टीचिंग असिस्टंटशिप, बाहेरची फेलोशिप घेऊन येणारे, प्रकल्पाच्या पैशावरचे आणि स्वखर्चाने येणारे असे वेगवेगळे गट आहेत. समजा तुम्ही संस्थेच्या पैशावरच्या यादीत वेटिंगला आहात आणि मध्येच सीएसआयआर किंवा यूजीसी नेटचा निकाल येऊन तुम्हाला जेआरएफ मिळाली. तर ते त्याच दिवशी कळवा. मुलाखत तीच, गुण तेच, पण तुमच्यासाठी आता संस्थेला स्वतःचे पैसे काढावे लागत नाहीत.

राज्य विद्यापीठांत गणित आणखी वेगळं. तिथे अडतं ते बऱ्याचदा गाईडकडच्या जागेवर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएचडी विद्यार्थी घेता येतात. तिथे "वेटिंग" म्हणजे कुणाचा तरी प्रबंध पूर्ण होऊन जागा सुटण्याची वाट बघणं. ती कधी सुटेल हे प्रवेश कार्यालयापेक्षा त्या गाईडला किंवा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना जास्त नीट सांगता येईल.

पैसा यादीत कुठे बसतो?

गेल आणि शेप्ली यांच्या पेपरमध्ये विद्यार्थी फक्त कॉलेजांचा क्रम लावतो. पण एकाच कॉलेजात फेलोशिपसह जाणं आणि फेलोशिपशिवाय जाणं या एक गोष्टी आहेत का? नाहीत. २००५ मध्ये जॉन हॅटफिल्ड आणि पॉल मिलग्रॉम यांनी "मॅचिंग विथ कॉन्ट्रॅक्ट्स" या पेपरमध्ये हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मांडणीत पसंतीक्रम लागतो तो कराराचा: कुणाबरोबर आणि कोणत्या अटींवर. तीच संस्था दोन वेगळ्या अटींसह यादीत दोनदा येऊ शकते आणि त्या दोन नोंदींमध्ये दुसऱ्याच संस्थेची नोंद बसू शकते.

आपल्यालाही नेमकं हेच करायचंय. त्यासाठी आधी पैशाचे प्रकार ओळखू.

पहिला प्रकार, तुमच्या नावावरची फेलोशिप: यूजीसी किंवा सीएसआयआरची जेआरएफ वगैरे. ही तुमच्याबरोबर येते. दर वर सांगितला तोच, पहिली दोन वर्षं ३७,००० आणि मूल्यमापनानंतर एसआरएफ म्हणून ४२,०००. हॉस्टेल मिळालं तर घरभाडं भत्ता मिळत नाही, नाही तर शहराच्या वर्गानुसार मिळतो. अवॉर्ड लेटरला मुदत असते, तिच्या आत रुजू व्हावं लागतं. थांबायचा विचार असेल तर आधी ती तारीख बघा.

दुसरा प्रकार, संस्थेची फेलोशिप. ही त्या संस्थेपुरतीच असते. दर जेआरएफइतका असू शकतो किंवा बराच कमी. केंद्रीय विद्यापीठांतली नॉन-नेट फेलोशिप महिना ८,००० रुपये आहे. म्हणजे जेआरएफपेक्षा महिन्याला २९,००० कमी, वर्षाला ३,४८,००० कमी.

तिसरा प्रकार, गाईडच्या प्रकल्पातला पैसा. सुरुवातीला रक्कम जेआरएफइतकी असू शकते, पण प्रकल्प साधारण तीन वर्षांचा आणि पीएचडी पाच वर्षांची. शिवाय तुम्ही रुजू होता तेव्हा प्रकल्पाचं एक वर्ष आधीच संपलेलं असू शकतं. इथे विचारायचा प्रश्न "किती?" हा नाही, "कधीपर्यंत?" हा आहे.

चौथा प्रकार, नोंदणीनंतर मिळू शकणारा पैसा. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. त्यांच्यासाठी आधी पीएचडीची नोंदणी झालेली लागते आणि मग जाहिरात, अर्ज, निवड असं होतं. तेव्हा प्रवेश घेताना हा पैसा "मिळाला" असं धरू नका, "मिळू शकेल" या रकान्यात लिहा.

आता जोड्यांची यादी. समजा एका विद्यार्थिनीकडे राज्य विद्यापीठात प्रवेश आहे, संस्था "अ" मध्ये ती वेटिंगला आहे आणि नेटचा निकाल यायचाय. तिची यादी अशी असू शकेल:

१. संस्था अ, संस्थेची फेलोशिप, पाच वर्षं
२. विद्यापीठ, स्वतःची जेआरएफ
३. विद्यापीठ, गाईडच्या प्रकल्पात दोन वर्षं, दरम्यान पुन्हा नेट
४. यावर्षी प्रवेश नाही; प्रकल्प सहायकाची किंवा शिकवण्याची नोकरी, पुन्हा नेट
५. विद्यापीठ, कुठलाच पैसा नाही
६. संस्था अ, स्वखर्चाने

चौथी नोंद नीट बघा. "यावर्षी नाही" हाही एक पर्याय आहे आणि तो यादीत लिहायलाच हवा. तो जिथे बसतो तिथे रेघ ओढा. रेघेखालची ऑफर आली तरी घ्यायची नाही, कारण तिच्यापेक्षा थांबणं तुम्हाला बरं वाटतं हे तुम्हीच शांत डोक्याने लिहून ठेवलंय. या विद्यार्थिनीला उद्या संस्था "अ" कडून "स्वखर्चाने येता का?" असा मेल आला तर नाव मोठं असलं तरी उत्तर नाही.

तुमची रेघ वेगळ्या ठिकाणी पडेल. कुणी विद्यापीठाच्या गावातच राहतो, घरी जेवतो, घरून कुणी पैशाची वाट बघत नाही. त्याच्यासाठी पाचवी नोंद रेघेच्या वर जाईल. नोंदणी झाल्यावर जेआरएफ मिळाली तर ती त्याच नोंदणीवर सुरू करणं बऱ्याचदा शक्य असतं, त्यामुळे त्याचा निर्णय चुकीचा नाही. पण जिच्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण चालणार आहे, तिने कुणाच्या "संशोधनात पैशाचा विचार करायचा नसतो" या वाक्याला भुलून रेघ खाली ओढू नये. पाच वर्षं पुरेल असा पैसा ही संशोधनाची गरज आहे, जशी उपकरणाला वीज लागते तशी. तिसऱ्या वर्षी पैसा संपला म्हणून सोडलेली पीएचडी कुणाच्याच कामाची नाही.

यादी करताना आणखी एक गोष्ट धरा. मंजूर झालेली फेलोशिप खात्यात वेळेवर येईलच असं नाही. कागदपत्रं, बँक खातं, विभागाची सही, पोर्टल, यात पहिले काही महिने जाऊ शकतात आणि मग एरियर्स एकदम येतात. मेस, खोलीचं डिपॉझिट, प्रवास हे मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू होतं. सहा महिन्यांचा खर्च कुठून होईल याचं उत्तर प्रत्येक नोंदीपुढे लिहा.

विचारायचं काय आणि कधीपर्यंत थांबायचं

प्रवेश कार्यालयाला एक छोटा, नम्र मेल पाठवा. माझा क्रमांक कोणत्या यादीतला आहे? गेल्या वर्षी ही यादी कितव्या क्रमांकापर्यंत गेली? ऑफर देण्याची शेवटची तारीख कोणती? ऑफर आली तर फेलोशिप कोणत्या प्रकारची, किती वर्षांची? ऑफर आल्यावर उत्तराला किती दिवस मिळतील? सगळ्यांची उत्तरं मिळतीलच असं नाही, पण विचारल्याने तुमचा क्रमांक खाली जात नाही. तिथेच यायचं पक्कं असेल तर तसंही लिहा. संस्थेला तुमचं मन माहीत नसतं, ही अडचण आपण वर पाहिलीच. पण हे वाक्य एकाच संस्थेला लिहा आणि खरं असेल तरच लिहा.

हातातली जागा धरून ठेवायला काय खर्च येतो तेही बघा. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार तिच्या कक्षेतल्या विद्यापीठांनी विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची नाहीत. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याचे टप्पेही ठरलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण फी, त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यापुढे काही नाही. आयआयटीसारख्या संस्थांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात आणि यूजीसीही एखाद्या वर्षासाठी वेगळ्या तारखा जाहीर करते, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक बघूनच फी भरा. या टप्प्यांमुळे वाट बघण्याची किंमत रुपयांत काढता येते. २०,००० फी भरली असेल तर शेवटच्या तारखेनंतर दहा दिवस थांबण्याची किंमत ४,००० रुपये. आवडत्या ठिकाणची शक्यता ६९ टक्के असेल तर ही किंमत किरकोळ आहे.

राहिला गेल आणि शेप्ली यांचा नैतिक प्रश्न. एका ठिकाणी हो म्हणून नंतर दुसरीकडे जावं का? माझं मत असं की पद्धतच सगळ्यांना वेगवेगळ्या तारखांना उत्तर द्यायला लावते, तेव्हा रुजू होण्याआधी जागा बदलण्यात गैर काही नाही. मात्र तुमच्या खालीही कुणीतरी चौथ्या क्रमांकावर बसलेलं आहे. निर्णय झाला की त्याच दिवशी कळवा, आठवडाभर जागा अडवून ठेवू नका. रुजू झाल्यावर गोष्ट बदलते. गाईडने तुमच्यावर विसंबून काम आखलेलं असतं, फेलोशिप तुमच्या नावावर सुरू झालेली असते आणि मध्येच सोडल्यास घेतलेले पैसे परत करावे लागतात का हे नियमात बघावं लागतं. म्हणून थांबण्याची शेवटची तारीख रुजू होण्याच्या आधीची ठेवा आणि ती आजच यादीच्या खाली लिहा.

ती तारीख आली आणि मेल आला नाही, तर यादीतली रेघेच्या वरची जी सगळ्यात वरची नोंद हातात असेल ती घ्या आणि कामाला लागा. रेघेच्या वर काहीच नसेल तर चौथी नोंद आहेच. कित्येक संस्था जानेवारीतही प्रवेश देतात, त्यामुळे "यावर्षी नाही" म्हणजे कधी कधी फक्त पाच-सहा महिने असतात. तेवढ्यात नेटचा एक प्रयत्न होतो, आणि जेआरएफ मिळाली तर पुढच्या वेळी तुम्ही वेगळ्याच यादीत असता.